सात किलोंत पाच महिने: परदेशातील दीर्घ प्रवासाचे सामान

देवराई

नमस्कार. निवृत्त झाल्यानंतर यजमान आणि मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून निघालो आणि जुलैच्या सुरुवातीला परतलो. व्हिएतनाममधील हनोईपासून रेल्वेने आणि बसने सायगावपर्यंत, तेथून कंबोडिया, लाओस व थायलंड, आणि शेवटचे सात आठवडे जॉर्जियात, असा आमचा मार्ग होता. या पाच महिन्यांत प्रत्येकाकडे एकच पाठपिशवी होती. निघताना माझ्या पिशवीचे वजन ६ किलो ८०० ग्रॅम भरले आणि यजमानांच्या पिशवीचे ७ किलोंना जरा कमी. येथील अनेक सभासदांनी या सामानाविषयी विचारले, म्हणून स्वतंत्र धागा काढत आहे.

सातच किलो का, हे आधी सांगते. आग्नेय आशियातील बऱ्याच स्वस्त विमान कंपन्या विमानात जवळ ठेवण्याच्या सामानाला ७ किलोंचीच मुभा देतात आणि काही ठिकाणी ते सामान खरोखरच काट्यावर ठेवून पाहतात. आम्हाला चार-पाच छोटी उड्डाणे करायची होती आणि प्रत्येक वेळी वेगळे पैसे भरून बॅग विमानाच्या पोटात (चेक-इन सामानात) टाकणे आमच्या अंदाजपत्रकात बसत नव्हते. मात्र खरे कारण त्याहून जुने आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही युरोपात तीन आठवड्यांसाठी गेलो, तेव्हा दोघांच्या मिळून दोन मोठ्या, चाकांच्या, प्रत्येकी २३ किलोंच्या बॅगा होत्या. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि त्यांतील बहुतेकांना पायऱ्या आहेत. स्टेशनापासून मुक्कामापर्यंत त्यांतले पाच पूल आम्ही त्या बॅगा उचलून ओलांडले. चौथ्या पुलावर यजमानांचा गुडघा असा दुखावला, की पुढचे सहा दिवस ते खोलीबाहेर फारसे पडू शकले नाहीत. त्या बॅगांमधले निम्म्याहून अधिक कपडे घडी न मोडता परत आले.

घरी आल्यावर मी बॅगा रिकाम्या करताना प्रत्येक वस्तूपुढे ती कितीदा वापरली हे लिहून काढले. ती वही हाती घेऊनच पुढच्या प्रवासाची तयारी केली. त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसली: आपण किती दिवसांसाठी जाणार आहोत यावर कपड्यांची संख्या ठरतच नाही, ती दोन धुण्यांच्या मधल्या दिवसांवर ठरते. पाच दिवसांनी कपडे धुणारा माणूस दहा दिवसांना निघो की दहा महिन्यांना, त्याला कपडे पाचच दिवसांचे लागतात. आणि रोज रात्री आंघोळीबरोबर दोन कपडे धुवायची तयारी असेल, तर तीन दिवसांचेही पुरतात.

म्हणून मी तीन वरचे कपडे, दोन पँट, रात्रीचा एक जोड, आतले कपडे चार दिवसांचे, मोज्यांचे तीन जोड, बारीक लोकरीचा अंगालगत घालायचा एक पूर्ण बाह्यांचा सदरा, वारा आणि पाऊस दोन्ही अडवणारे एक पातळ जाकीट आणि एक मोठी सुती ओढणी एवढेच घेतले. प्रत्येक वरचा कपडा दोन्ही पँटवर शोभेल असा निवडला, त्यामुळे सहा वेगवेगळे पोशाख झाले. हनोईत आम्ही उतरलो तेव्हा तापमान १४ अंशांच्या आसपास होते, एप्रिलमध्ये कंबोडियातील सिएम रीपला ते ३८ अंशांवर गेले आणि जूनमध्ये जॉर्जियाच्या उश्गुली या २१०० मीटरांवरच्या गावी रात्री पुन्हा कुडकुडायला झाले. या तिन्ही ठिकाणी हेच कपडे पुरले, कारण थंडीसाठी एक जाड कपडा नेण्याऐवजी सगळे पातळ कपडे एकावर एक चढवता येतील असे घेतले होते. जाड स्वेटर थंडीखेरीज कशाच्याही उपयोगाचा नसतो आणि पिशवीची पाव जागा अडवून बसतो.

ओढणीचे मोल मला प्रवासातच कळले. अंगकोरच्या मंदिरांत खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात, जॉर्जियातील चर्चमध्ये आणि मठांत स्त्रियांना डोके झाकावे लागते आणि पुष्कळ ठिकाणी पँटवर काहीतरी गुंडाळावेही लागते. या सर्व ठिकाणी तीच एक ओढणी कामाला आली. रात्रीच्या रेल्वेत ती उशीवर पसरली आणि दुपारच्या उन्हात डोक्यावर घेतली.

टॉवेलविषयी माझे मत ठाम आहे. आपला साधा पंचा न्यावा. घरच्या काट्यावर माझा पंचा १३० ग्रॅम भरला आणि रोजचा जाड टॉवेल ५६० ग्रॅम. पंचा दोन-तीन तासांत वाळतो. शिवाय त्याचा दुसरा उपयोग असा, की धुतलेला कपडा पिळून झाला की पंच्यात लांबट गुंडाळायचा आणि पुन्हा दोघांनी दोन टोकांनी पिळायचा. कपड्यात राहिलेले पाणी पंचा शोषून घेतो आणि रात्री दोरीवर टाकलेला कपडा सकाळी अंगात घालता येतो.

तरीही हनोईत मी चुकले. उत्तर व्हिएतनाममध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा इतकी दमट होते, की फरशीला आणि भिंतींना अक्षरशः पाणी सुटते, आणि तेथील लोक त्या दिवसांना ‘नोम’ म्हणतात. दोन पँटांपैकी एक म्हणून मी सवयीने जाड सुती सलवार नेली होती, ती दोन दिवस दोरीवर ओलीच राहिली आणि तिला वास येऊ लागला. शेवटी किलोवर कपडे धुऊन देणाऱ्या गल्लीतल्या दुकानात, यंत्रात वाळवून घ्यावे लागले. अशी दुकाने व्हिएतनामभर आहेत. ती सलवार मी तेथेच ठेवून दिली आणि तिच्या जागी बाजारातून पटकन वाळणारी एक पँट घेतली. सुती कपडा आपल्याला सोयीचा वाटतो, तो आपल्याकडच्या उन्हामुळे, हे मला त्या आठवड्यात समजले.

पिशवी ३८ लिटरची आहे आणि रिकामी १ किलो १०० ग्रॅम भरते. कमरेला बांधायचा पट्टा असलेलीच घ्यावी, कारण त्यामुळे भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो आणि आमच्या वयाला हा फरक फार मोठा आहे. ६० लिटरची पिशवी ‘अर्धी रिकामी ठेवू’ म्हणून कोणीही घेऊ नये. जागा दिसली की आपण ती भरतोच.

बाकीचे प्रश्न विचारावेत, आठवेल तसे सांगत जाईन.

अनवट

देवराई ताई, फार उपयुक्त लिहिले आहे. माझी अडचण थोडी वेगळी आहे. मी संगणक क्षेत्रात असून माझे काम कोठूनही चालते, म्हणून नोव्हेंबरपासून चार महिने व्हिएतनाम, थायलंड आणि शेवटी जपान असे राहून काम करण्याचा विचार आहे. काल सगळे सामान पलंगावर मांडून वजन केले, ते ११ किलो ४०० ग्रॅम भरले. त्यांपैकी लॅपटॉप, त्याचा चार्जर, पॉवर बँक, हेडफोन, कीबोर्ड आणि वायरी मिळूनच ३ किलो ६०० ग्रॅम होतात. हे सगळे कामाचेच आहे. अशा परिस्थितीत ७ किलोंचा आग्रह धरावा का, की सरळ पैसे भरून बॅग पोटात टाकावी?

इझारकाठ

मी म्यूनिकला राहतो आणि कामानिमित्त महिन्यातून दोनदा विमानात बसतो, म्हणून विजेच्या सामानाबद्दल लिहितो.

अनवट, पहिली गोष्ट म्हणजे बॅग पोटात टाकली तरी पॉवर बँक तुमच्याजवळच राहणार आहे. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या पोटातल्या सामानात ठेवायला बंदी आहे, कारण त्या पेटल्या तर तेथे कोणाच्या लक्षातही येणार नाही. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी विनापरवानगी नेता येते आणि १०० ते १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते. बॅटरीवर फक्त मिलिअँपिअर-अवर छापलेले असेल, तर त्याला ३.७ ने गुणून १००० ने भागावे. २०,००० ची बॅटरी ७४ वॉट-अवर होते, म्हणजे ती नियमात बसते. हा आकडा बॅटरीवर स्पष्ट वाचता आला पाहिजे. पुसट झालेली बॅटरी तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एक विमान जमिनीवर असतानाच पेटले, त्यानंतर तेथील कंपन्यांनी पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली. चीनने २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानांत त्यांच्या ‘थ्री-सी’ या सुरक्षा-प्रमाणपत्राच्या चिन्हाशिवायची पॉवर बँक बंद केली. तुमच्या मार्गात चीन नसला, तरी इतर देशांतही नियम वेगाने बदलत आहेत, म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी त्या त्या कंपनीचे पान पाहावे.

दुसरी गोष्ट वजनाची. लॅपटॉपसोबत मिळणारा विटेसारखा चार्जर घरी ठेवावा आणि त्याऐवजी ६५ वॉटचा, दोन-तीन तोंडांचा, गॅलियम नायट्राइडचा छोटा चार्जर घ्यावा. तो लॅपटॉप, फोन आणि पॉवर बँक तिन्ही चालवतो. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना यूएसबी-सी सक्तीचे केल्यापासून बहुतेक सर्व उपकरणे एकाच वायरीवर आली आहेत, त्यामुळे दोन वायरी पुरतात. माझ्याकडे पूर्वी सात असत. जपानमध्ये १०० व्होल्टची वीज आहे, पण चार्जरवर १०० ते २४० असे लिहिलेले असेल तर केवळ पिनेचा अडॅप्टर पुरतो. केस वाळवण्याचे यंत्र, इस्त्री, पाणी तापवण्याची कांडी असली तापणारी उपकरणे मात्र आपल्याकडून नेऊच नयेत, ती तेथे धड चालत नाहीत.

कीबोर्डविषयी मी तुम्हाला एक विचारतो. चार महिन्यांत तो किती दिवस उघडला जाईल?

अनवट

प्रामाणिकपणे सांगायचे तर घरीसुद्धा मी तो आठवड्यातून दोनदाच जोडतो. काढून टाकला. ६२० ग्रॅम कमी झाले.

शेवंती

देवराई ताईंच्या ओढणीवरून मला माझी साडी आठवली. मी पावणेचार महिने एकटी फिरले आणि एक मलमलची, साधी, ४५० ग्रॅमची साडी नेली होती. ती नेसण्याचा योग तीनदा आला, पण लाओसमधल्या रात्रीच्या बसमध्ये, जेथे वातानुकूलन कमी करता येत नाही, ती चार पदरी घडी करून पांघरली. वसतिगृहात खालच्या पलंगाला तिचाच पडदा केला. एकट्या बाईला परक्या खोलीत तेवढा आडोसा मिळाला तर झोप लागते, आणि लांबच्या प्रवासात झोप ही चैनीची बाब नाही.

स्त्रियांच्या बाबतीत एक विषय येथे मोकळेपणाने मांडते. चार-पाच महिन्यांचे सॅनिटरी पॅड नेणे अशक्य आहे आणि हव्या त्या प्रकारचे सगळीकडे मिळतातच असे नाही. मी मासिक पाळीचा सिलिकॉनचा कप वापरते. तो उकळायला एक लहान स्टीलचा पेला लागतो, एवढीच भर. मात्र निघण्यापूर्वी किमान दोन-तीन महिने घरी सवय करावी, पहिला प्रयोग परगावी करू नये. आतले कपडेही घरूनच पुरेसे न्यावेत. आग्नेय आशियात मापे आपल्यापेक्षा लहान असतात आणि ऐनवेळी मिळत नाहीत. हाच अनुभव चपलांचा.

द्रवपदार्थांचे बंधन सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये विमाने स्फोटाने उडवून देण्याचा कट उघडकीस आल्यानंतर १०० मिलिलिटरच्या बाटल्या आणि १ लिटरची पारदर्शक पिशवी हा नियम आला, आणि काही विमानतळांवर नवी यंत्रे आली असली तरी बहुतांश ठिकाणी तो अजून पाळावा लागतो. मला त्याची अडचण होत नाही, कारण मी द्रवपदार्थ जवळजवळ नेतच नाही. अंगाचा आणि कपड्यांचा मिळून एकच वडीचा साबण, केसांना शिकेकाईची पूड, दातांना मंजन. खोबरेल तेल मात्र ५० मिलिलिटरच्या बाटलीत नेते. हनोईच्या थंडीत ते गोठते, म्हणून बाटली रुंद तोंडाची असावी.

औषधालय

मी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर असून बावीस वर्षे दुकान चालवते. हलके सामान करण्याच्या भरात लोक औषधांवर कात्री चालवतात आणि गोळ्या पाकिटांतून काढून एका डबीत भरतात. कृपया तसे करू नये. सीमेवर सुटी गोळी म्हणजे अनोळखी गोळी. पट्टी तशीच ठेवावी, फक्त बाहेरचा पुठ्ठ्याचा खोका टाकून द्यावा, म्हणजे जागाही वाचते. बरोबर डॉक्टरांची सही-शिक्क्याची चिठ्ठी असावी आणि तिच्यावर औषधाचे मूळ नाव इंग्रजीत असावे, कारण आपल्याकडचे व्यापारी नाव परदेशी औषधविक्रेत्याला कळत नाही. ज्याला आपण पॅरासिटामॉल म्हणतो, त्याला जपान आणि अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात.

अनवट, तुम्ही जपानला जात आहात म्हणून विशेष सांगते. आपल्याकडे सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते. त्याचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असलेली औषधे जपानमध्ये नेण्यास बंदी आहे. कोडीन असलेली खोकल्याची औषधेही तपासून पाहावीत. डॉक्टरांनी लिहून दिलेली साधी औषधे एका महिन्यापुरती नेता येतात, त्याहून अधिक न्यायची असल्यास ‘युन्यू काकुनिन-शो’ नावाचा परवाना आधी काढावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमॅडॉल आणि कोडीन यांना आधी परवानगी लागते, आणि आपले पुष्कळ प्रवासी दुबईत विमान बदलतात.

मधुमेहींनी इन्सुलिन कधीही पोटातल्या सामानात टाकू नये, तेथे ते गोठून निकामी होऊ शकते. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर त्याला १०० मिलिलिटरचे बंधन लागू होत नाही. वापरात असलेले पेन ३० अंशांच्या खाली साधारण चार आठवडे चालते, परंतु प्रत्येक प्रकाराची मुदत वेगळी असते, ती वेष्टनावर पाहावी. सिएम रीपच्या ३८ अंशांत पाण्यात भिजवून गार राहणारी थैली उपयोगी पडते. ती रिकामी असताना अगदी हलकी असते.

आणि चष्मा. दुसरा चष्मा प्रत्येकाने न्यावा. तो नंबराच्या चिठ्ठीसह, कडक डबीत. वजन वाचवण्यासाठी तो मागे ठेवणे मला मान्य नाही.

करवंद

सर्वांचे लेखन वाचले. मला एक वेगळी बाजू मांडायची आहे आणि ती थोडी विरोधाची आहे.

आम्ही तिघे, म्हणजे पत्नी, सहा वर्षांची मुलगी आणि मी, नोव्हेंबर ते जानेवारी या काळात युरोपात राहिलो. शेंगेन या युरोपीय देशांच्या सामायिक व्हिसाच्या नियमाने १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, त्यातले ८७ आम्ही वापरले. क्राकुव्ह, व्हिएन्ना आणि लिस्बन अशा तीनच ठिकाणी, प्रत्येकी सुमारे एक महिना घर भाड्याने घेतले. आमच्याकडे चाकांच्या दोन मोठ्या बॅगा होत्या, त्यांत मुलीची पुस्तके, बर्फातले बूट, जाड कोट, लहान कुकर आणि डाळी होत्या. त्यांतली एकही वस्तू वाया गेली नाही. क्राकुव्हमध्ये उणे ९ अंशांत मुलीला रोज बाहेर खेळता आले, ते त्या जाड कोटामुळेच. आम्ही जर ७ किलोंचा हट्ट धरला असता, तर ते कोट तेथे विकत घ्यावे लागले असते, लिस्बनला निघताना टाकून द्यावे लागले असते, आणि हलक्या सामानाच्या नावाखाली पैसा आणि वस्तू दोन्ही वाया गेल्या असत्या. ‘तेथे घेऊ’ असे म्हणून हलके झालेले सामान कित्येकदा आपल्याच खिशावर आणि त्या गावाच्या कचराकुंडीवर जाऊन बसते. ताईंनी सलवार हनोईत ठेवून दिली, हेही त्यातलेच एक उदाहरण आहे. राग नसावा.

देवराई

करवंद, राग मुळीच नाही. सलवारीबद्दलचे म्हणणे योग्य आहे. ती चूक माझ्या अभ्यासातली होती, मी हनोईचे तापमान पाहिले, पण हवेतली आर्द्रता पाहिली नाही.

तुमच्या लिहिण्यावरून माझ्या लक्षात आले, की मी एक महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून गेले. पाच महिन्यांत आम्ही ३४ वेळा मुक्काम हलवला. तुम्ही ८७ दिवसांत तीनदा. सामानाचा त्रास ते ठेवलेले असताना होत नाही, ते हलवताना होतो. त्यामुळे मुक्काम जितक्या वेळा हलणार, तितके ते हलके हवे. जॉर्जियात तिबिलिसीच्या दिदुबे स्थानकावरून काझबेगीला जाणारी मार्शृत्का, म्हणजे आपल्याकडच्या वडापसारखी सामायिक गाडी, भरली की निघते. मागच्या आसनापाठी जेमतेम चार बॅगा मावतात. ज्यांच्याकडे मोठ्या बॅगा होत्या, त्यांना दोनदा आमच्यासमोर पुढच्या गाडीसाठी थांबावे लागले. आमच्या पिशव्या मांडीवर राहिल्या. व्हिएतनामच्या हनोई-सायगाव लोहमार्गावर, जो १७२६ किलोमीटरांचा आहे, चार शायिकांच्या डब्यात चौघांचे सामान खालच्या बाकाखाली बसवायचे असते. तेथेही हेच. परंतु महिनाभर एका घरात राहायचे असेल, बरोबर मूल असेल आणि हिवाळा असेल, तर तुमच्यासारखेच सामान न्यावे, हे मी मनापासून मान्य करते.

एक मात्र सुचवते. जाड कोट अंगावर घालून विमानात बसावे. कोट आणि बूट हे सर्वांत जड, आणि अंगावरचे कपडे सहसा कोणी तोलत नाही.

इझारकाठ

करवंद यांच्या कुकरवरून खाण्याविषयी लिहितो, कारण येथे येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगांत निम्मे वजन खाण्याचेच असते. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ व्यक्तिगत सामानातही आणता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर सगळे बाद. न्यूझीलंडमध्ये खाण्याचा पदार्थ जाहीर न केल्यास जागीच ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. तेथे आणि ऑस्ट्रेलियात शंका असेल ते सर्व अर्जात लिहून द्यावे. जाहीर केलेल्या वस्तूबद्दल दंड होत नाही, फार तर ती काढून घेतात. सुक्या खोबऱ्यात तेल असल्यामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात गणले जाते.

सर्वांत गंभीर बाब खसखशीची आहे. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखस बाळगणे हा अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे. आपल्या कित्येक घरगुती मालवणी मसाल्यांत ती असते. घरचा मसाला कोणी प्रेमाने बांधून दिला, तरी त्यात काय आहे हे विचारल्याशिवाय तो पिशवीत घालू नये.

देवराई

खाण्याचे आमचे उत्तर मेतकूट हे होते. आग्नेय आशियात मऊ भात कोठेही मिळतो. त्यावर मेतकूट आणि मीठ घातले की दहा-बारा दिवसांनी पोटाला आणि मनाला विसावा मिळत असे. ३०० ग्रॅम मेतकूट दोघांना सव्वादोन महिने पुरले. ते दूध, खोबरे आणि खसखस यांवाचून होते, निघण्यापूर्वी मीच भाजून दळले होते. पुडीवर घटकांची नावे इंग्रजीत लिहिली होती. अमेरिकेला जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की तिकडच्या विमानांत जवळच्या सामानात ३५० मिलिलिटरहून अधिक पूड असल्यास वेगळी तपासणी होते, म्हणून पुडी लहान असावी.

अनवट

सर्वांच्या मार्गदर्शनाने दोन रविवार सामान पुन्हा मांडले. हिशेब देतो.

कीबोर्ड, जुना चार्जर आणि चार वायरी गेल्यामुळे १ किलो १०० ग्रॅम कमी झाले. जीन्सची एक पँट ७२० ग्रॅमची होती, ती ठेवून पातळ पँट घेतली. टॉवेलच्या जागी पंचा आला. दुसरे बूट काढले, एकच जोडी पायात आणि एक चप्पल पिशवीत. दहा शर्टांचे चार झाले. तीन पुस्तके फोनमध्ये गेली. औषधांचे खोके टाकले आणि सर्दीच्या गोळीवरचे घटक भिंगाने वाचले, त्यात स्यूडोएफेड्रिन निघाले, ती पट्टी घरीच ठेवली. दुसरा चष्मा, जो आधीच्या यादीत नव्हता, तो घातला. एकूण ७ किलो ३०० ग्रॅम.

जपानमधले शेवटचे तीन आठवडे थंडीचे आहेत. त्यासाठी लोकरीचा आतला सदरा घेतला आहे, पण जाकीट पातळ आहे. ते पुरेल का? आणि उरलेले ३०० ग्रॅम कोठून काढावेत?

शेवंती

जाकीट पुरेल, कारण जपानमध्ये स्टेशने, गाड्या, दुकाने सर्व उबदार असतात. फक्त कानटोपी आणि हातमोजे न्यावेत, ते शंभर ग्रॅमही नाहीत. फारच थंडी वाटली तर तेथे जुन्या कपड्यांची चांगली दुकाने आहेत. तेथून घेतलेला कोट तेथेच परत देता येतो, म्हणजे करवंद यांची हरकतही राहणार नाही. तेथे मोठी बॅग नसल्याचा आणखी एक लाभ म्हणजे तोकाइदो (टोकियो-ओसाका) मार्गावरच्या शिंकान्सेन या वेगवान रेल्वेत तिन्ही बाजूंची बेरीज १६० सेंटिमीटरहून अधिक असलेल्या बॅगेसाठी मे २०२० पासून विशिष्ट आसन राखून ठेवावे लागते. तुमच्या पिशवीला ते लागणार नाही.

देवराई

अनवट, ३०० ग्रॅम पिशवीत शोधू नका. पॉवर बँक आणि चार्जर जाकिटाच्या खिशांत घाला आणि जाकीट अंगात घाला. उरलेल्या पिशवीचे वजन विमानतळावर जाण्यापूर्वी घरच्या स्प्रिंगकाट्यावर करा, आणि तो आकडा येथे कळवा. नोव्हेंबरात मध्य व्हिएतनाममध्ये, विशेषतः हुए आणि होई आनच्या बाजूला, पाऊस जोरात असतो, म्हणून पिशवीच्या आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी घालून त्यात लॅपटॉप आणि कपडे ठेवा. बाहेरून घालायचे आवरण वाऱ्याने उडते आणि पाठीकडून पाणी शिरते. आमच्या पिशव्यांत जाड प्लॅस्टिकची साधी धान्याची पिशवी होती, तिचे वजन ६० ग्रॅम.

अनवट

आज सकाळी केले. ६ किलो ७५० ग्रॅम. धान्याची पिशवी धरून.